साडेतीन मैदाने

लंडनला मुलाकडे गेलेल्या आईबापांचा कार्यक्रम ठरलेला असतो. पहिल्या शनिवारी राजवाडा बाहेरून पाहायचा, दुसऱ्या शनिवारी मेणाचे पुतळे पाहायचे, आणि तिसऱ्या शनिवारी थेम्सवरचा तो प्रसिद्ध पूल केव्हा उघडतो याची वाट पाहत वाऱ्यात कुडकुडत उभे राहायचे. हे सारे आम्ही उभयतांनी यथासांग पार पाडले. पूल उघडला नाही. चौथ्या शनिवारी काय, हा प्रश्न होता. शुक्रवारी रात्री जेवताना चिरंजीव ताटाकडे पाहतच म्हणाले, "आण्णा, उद्या माझ्याबरोबर येता का? मैदानं दाखवतो."

"कसली? वेम्बली?"

"नाही. नॉन-लीगची."

सूनबाईंनी माझ्याकडे पाहिले, सौभाग्यवतींनी मुलाकडे पाहिले आणि मी आमटीकडे पाहिले. कारण फुटबॉल हा विषय आमच्या घरात गेली वीस-बावीस वर्षे कोणी काढत नसे. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या घराबद्दल असे सांगितले तर कोणी विश्वास ठेवणार नाही, पण खरे आहे.

या अबोल्याचे कारण सांगून टाकतो. चिरंजीव शाळेत असल्यापासून पेठेतल्या तालमीच्या पोरांच्या संघात खेळत. आमच्याकडे तालीम म्हणजे नुसता आखाडा नव्हे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ही तालमींची नावे उच्चारली की बाहेरगावच्या पाहुण्याला कुस्ती आठवते आणि कोल्हापूरकराला शाहू स्टेडियम. तांबडी माती अंगाला लावणाऱ्यांनीच हा गोऱ्यांचा खेळ उचलला आणि पेठापेठांच्या इभ्रतीचा करून टाकला. माझे वडील तालमीकडून अनवाणी खेळत. मी स्वतः खेळलो नाही. मी बँकेत लागलो. मात्र पहिल्या मोठ्या बोनसमधून मुलाला खिळ्यांचे काळे बूट घेतले होते, ते मीच. पुढे तो बारावीला गेला. सहामाहीत गणिताने घात केला, आणि एका सकाळी ते बूट माळ्यावरून नाहीसे झाले. "चोरीला गेले असतील," असे मी म्हणालो. माळ्यावर चोर चढला आणि फक्त बूट घेऊन उतरला, असे माझे म्हणणे होते! मुलगा काही बोलला नाही. अभ्यासाला बसला, इंजिनिअर झाला, इकडे आला. 2017 साली सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक आपल्या देशात झाला आणि कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला. त्या रात्री चिरंजीवांचा फोन आला. "पाहिलं का?" "पाहिलं." "कोल्हापूरचा आहे." "हो." मग आम्ही त्याच्या आईच्या गुडघ्यांविषयी बोललो.

तेव्हा "येतो," असे मी म्हटले खरे, पण रात्री झोप नीट लागली नाही.

नॉन-लीग हा शब्द मला आमच्या बँकेतल्या 'बिनपगारी रजे'सारखा वाटला. इंग्लंडात सर्वांत वरच्या चार पायऱ्यांवर मिळून ब्याण्णव क्लब. त्यांना लीगवाले म्हणायचे. बाकीचे सारे नॉन-लीग. गंमत अशी की त्या बाकीच्यांच्याही लीगच असतात, एकीखाली एक, अशा कितीतरी. वरचा संघ घसरला की खाली येतो, खालचा जिंकला की वर चढतो; म्हणजे कागदोपत्री कुठल्याही गल्लीतल्या क्लबला तळापासून चढत चढत थेट शिखर गाठता येते. कोणी गाठत नाही तो भाग वेगळा. पण दार बंद नाही. चिरंजीवांनी हे मला भुयारी गाडीत समजावून सांगितले आणि सांगताना त्यांचे हात हलत होते. घरी बोलताना त्यांचे हात हलत नाहीत.

पहिले मैदान डॅगनहॅमचे. पूर्व लंडनचे हे टोक म्हणजे फोर्ड मोटारींचे गाव. 1931 साली कारखाना सुरू झाला, 2002 साली तिथली शेवटची मोटार बाहेर पडली. पुढे इंजिने होत राहिली. स्टेशनपासून थोडे चालल्यावर बैठ्या घरांच्या ओळीत एक फाटक लागले. फाटकाशी एक वृद्ध गृहस्थ झाडत होते. चिरंजीव त्यांच्याशी दोन शब्द बोलले, आणि "वडिलांना आत नेतो का?" असे त्यांनीच विचारले. आपल्याकडे एवढ्यासाठी अर्ज करावा लागतो.

या क्लबाचे नाव डॅगनहॅम अँड रेडब्रिज. हे नाव म्हणजे जॉइंट फॅमिलीच्या दारावरची पाटी आहे. इल्फर्ड हा 1881 सालचा क्लब, लेटनस्टोन 1886 चा, वॉल्थमस्टो ॲव्हेन्यू 1900 चा. एकेकाळी तिघेही हौशी फुटबॉलातली बडी घराणी होती. 1974 साली इंग्लंडात हौशी आणि व्यावसायिक हा भेदच मोडीत निघाला, हौशी संघांसाठी असलेला जुना चषकही बंद झाला. त्याचा शेवटचा अंतिम सामना हरणारा संघ इल्फर्डच होता. मग भाडे परवडेना, प्रेक्षक येईनात. 1979 साली इल्फर्ड आणि लेटनस्टोन एकत्र आले, पुढे वॉल्थमस्टो त्यांच्यात मिळाले, आणि 1992 साली सगळे मिळून डॅगनहॅमच्या घरी राहायला आले. 2007 साली हे कुटुंब ब्याण्णवांत जाऊन बसले आणि 2016 साली पुन्हा बाहेर पडले.

"आपल्याकडे दोन तालमी एक झाल्या असत्या का?" चिरंजीवांनी विचारले.

"एक पेठ उरली नसती," मी म्हणालो. सकाळपासूनचे आमचे हे पहिले हसणे.

तिथून बसने आम्ही इल्फर्डकडे गेलो. बसमध्ये वरच्या मजल्यावर पुढच्या बाकावर बसलो. लिन रोड नावाच्या रस्त्यावर उतरून थोडे चाललो आणि चिरंजीव थांबले. मीही थांबलो. समोर घरे होती. विटांची, नेटकी, दारात मोटारी, एका घराच्या खिडकीत मांजर.

"मैदान कुठं आहे?"

"हेच. सत्तरच्या दशकात विकलं. आण्णा, आजोबा सांगायचे ना, ती मॅच इथं झाली होती."

मला कळायला क्षणभर वेळ लागला. 31 जुलै 1948. आपल्याला स्वातंत्र्य मिळून वर्षही पुरे झाले नव्हते. लंडनच्या ऑलिंपिकमध्ये भारताचा पहिला फुटबॉल सामना फ्रान्सशी झाला, तो या ठिकाणी. कर्णधार नागा टेकड्यांतले डॉक्टरीचे विद्यार्थी टी. आओ. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी, काहींच्या पायांना नुसत्या पट्ट्या. फ्रान्सने आधी गोल केला, रामनने तो फेडला, आणि सामना संपता संपता फ्रान्सने दुसरा घातला. दोनास एक. आपण दोन पेनल्टी वाया घालवल्या होत्या. वडिलांनी हे सारे वर्तमानपत्रात वाचले होते, पण सांगत असे की जणू गोलखांबाला टेकून पाहिले आहे. "दोन पेनल्टी! दोन!" असे म्हणून ते दोन बोटे माझ्या डोळ्यांसमोर नाचवत. जणू त्यातली एक मीच हुकवली होती. त्याच ऑलिंपिकला आमच्या राजाराम कॉलेजचे खाशाबा जाधव कुस्तीला गेले होते आणि सहावे आले होते, त्याचा अभिमान वडिलांना होताच. पण रात्री झोपताना त्यांना आठवत त्या दोन पेनल्ट्या. पुढे 1952 साली हेलसिंकीत खाशाबांनी पदक आणले आणि त्याच ठिकाणी फुटबॉलात युगोस्लाव्हियाने आपल्यावर दहा गोल चढवले. तेव्हा आमच्याही खेळाडूंनी आता बूट घालावेत, हे सगळ्यांना पटले. वडिलांना पटले नाही. बुटाने चेंडूची नाडी कळत नाही, असे ते अखेरपर्यंत म्हणत.

मी त्या फुटपाथवर उभा होतो. आपणही बूट काढावेत असे मनात आले. पण ऑक्टोबरातली ओली फरशी, आणि मधुमेहवाल्याने अनवाणी फिरू नये असा डॉक्टरांचा हुकूम. मी नुसतीच लेस सैल केली आणि पुन्हा बांधली. खिडकीतले मांजर माझ्याकडे संशयाने पाहत होते. वडिलांनी ज्या जागेसाठी पन्नास वर्षे हळहळ केली तिथे आता कोणाचे तरी स्वयंपाकघर आहे, आणि पेनल्टीच्या ठिपक्यावर कदाचित धुण्याचे यंत्र. चिरंजीव म्हणाले, "मी इथं दोनदा येऊन गेलोय. तुम्हाला फोटो पाठवणार होतो."

"मग?"

"नाही पाठवला."

मी 'का' विचारले नाही.

फॉरेस्ट गेटला पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. या मैदानाचे नाव ओल्ड स्पॉटेड डॉग, म्हणजे म्हातारे ठिपकेदार कुत्रे. इंग्रज माणूस देवळाचे आणि दारूच्या गुत्त्याचे नाव सारख्याच भक्तीने ठेवतो. शेजारच्या जुन्या गुत्त्यावरून हे आले. लंडनमधल्या जुन्यांत जुने असे हे मैदान. क्लॅप्टन नावाचा क्लब 1888 पासून इथे खेळत आला. नाव क्लॅप्टनचे, मैदान फॉरेस्ट गेटचे. पण आमची रंकाळ्याची भेळ पुण्यात मिळते, तेव्हा याचे आश्चर्य नको. या क्लबाने 1890 साली बेल्जियमचा दौरा केला होता, आणि 1908 च्या सुमारास वॉल्टर टल हा कृष्णवर्णीय खेळाडू इथून पुढे आला. अनाथाश्रमात वाढलेला हा मुलगा नंतर टॉटनहॅमकडून खेळला, सैन्यात अधिकारी झाला आणि 1918 च्या मार्चमध्ये फ्रान्समध्ये लढताना पडला.

पण मला आठवते ते हे नव्हे. आत पंधरावीस माणसे कामाला लागली होती. कोणी कठड्याला रंग देत होते, कोणी झुडपे तोडत होते, एक तरुण बाई अंगावर पोर बांधून खिळे ठोकत होती. हे सारे क्लबाचे सभासद. 2018 साली पाठीराख्यांनीच वेगळा क्लब काढला आणि 2020 साली पैसे जमवून हे मैदान चक्क विकत घेतले. मालक तेच, मजूर तेच, प्रेक्षकही तेच. आमच्या गणेशोत्सवातल्या मांडवाची आदली रात्र मला आठवली. चिरंजीवांनी कोट काढून खुंटीला लावला, एकाने त्यांना नावाने हाक मारली आणि ब्रश हातात दिला. तेव्हा मला उलगडा झाला की दर शनिवारी सकाळी हे 'बाहेर' जातात ते इथे. सूनबाईंना माहीत होते. सौभाग्यवतींनाही माहीत होते, असे पुढे उघडकीस आले.

मला एका लाकडी बाकावर बसवून चहा देण्यात आला. कप केवढा? आपल्याकडे चार पाहुण्यांत पुरेल एवढा. तासभर मी मुलाला कठडा रंगवताना पाहत होतो. तो कामात असला की जीभ किंचित बाहेर काढतो, हे मी त्याच्या तिसरी-चौथीनंतर पाहिलेच नव्हते.

तीन वाजता डलिच हॅम्लेटचा सामना होता. दोन गाड्या बदलून आम्ही थेम्सच्या दक्षिणेला गेलो. डलिचचा क्लब 1893 सालचा आणि त्याचा पोशाख गुलाबी आणि गडद निळा. फुटबॉलात गुलाबी! आमच्या पेठेत या रंगाचा सदरा घालून मैदानात उतरणाऱ्याचे काय झाले असते ते सांगवत नाही. इथे मात्र गुलाबी मफलर गुंडाळलेले दाढीवाले बाप्ये, बाबागाडीतली पोरे आणि साखळीला बांधलेली कुत्री एकाच रांगेत आत जात होती. मला ज्येष्ठ नागरिकाची सवलत मिळाली. मैदानाकडे जाणाऱ्या रस्त्याला एडगर केल याचे नाव दिले आहे. हा गडी जन्मभर हौशीच राहिला, आणि तरीही 1929 साली इंग्लंडच्या मुख्य संघातून तीन सामने खेळला. 1948 च्या ऑलिंपिकमध्ये या चॅम्पियन हिलवरही सामना झाला. कोरियाने मेक्सिकोला पाचास तीन असे हरवले. 2018 च्या मार्चमध्ये जागेच्या भांडणात क्लबाला या मैदानातून बाहेर काढले होते. नऊ महिने परक्या मैदानावर खेळून डिसेंबरात ते परत आले. चिरंजीव म्हणाले, "परत आले त्या दिवशी मी होतो. माणसं रडत होती आण्णा."

सामन्याविषयी काय सांगू? खेळ आपल्या शाहू स्टेडियमवरच्या चांगल्या सामन्याइतपत होता. पळणे जास्त, कसब थोडे कमी. हलगी नव्हती ही मोठीच उणीव. पण एवढ्या जवळून मी फुटबॉल कधी पाहिला नव्हता. कठड्याला टेकले की बाजूने धावणाऱ्या खेळाडूचा श्वास ऐकू येतो. कॉर्नर मिळाला की मंडळी खिशातून घराच्या किल्ल्या काढून खुळखुळवतात. दोन्ही संघांचे पाठीराखे शेजारी उभे राहून एकमेकांची टिंगल करत होते, आणि कोणी कोणाला दगड मारला नाही. (हे मी आमच्या पेठेतल्या कोणा विशिष्ट मंडळींना उद्देशून लिहीत नाही.)

मध्यंतर झाले आणि एक नवलच घडले. आमच्या भोवतीची शेदोनशे माणसे एकदम चालू लागली. मला वाटले, सामना संपला. पण दुसऱ्या डावात बाजू बदलतात ना, मग आपला संघ ज्या गोलवर चाल करणार त्या गोलमागे जाऊन उभे राहायचे, अशी यांची रीत. सगळा जमाव चहाचे पेले सावरत मैदानाला अर्धी प्रदक्षिणा घालून पलीकडे जातो. आम्हीही निघालो. गर्दीत मुलाने माझा दंड धरला.

तिथे, चालता चालता, मी म्हणालो, "तुझे ते बूट चोरीला गेले नव्हते."

"माहीत आहे."

"मी दिले होते. मागच्या गल्लीत."

"माहीत आहे आण्णा. दुसऱ्या मोसमात त्या पोराच्या पायात पाहिले की मी. डाव्या बुटाच्या टाचेला आईनं शिवलेलं होतं ना, निळ्या दोऱ्यानं."

मला काही सुचेना. मागून कोणी तरी "सॉरी" म्हणून पुढे गेले. शेवटी मी विचारले, "मग बोलला का नाहीस?"

"काय बोलायचं? त्यानं माझ्यादेखत गोल मारला, त्याच बुटांनी. लांबनं, तीस यार्डांवरनं. मी ओरडलो की जोरात. मग घरी येऊन रडलो."

"गणितात नापास झाला असतास तर..."

"झालो असतो. कदाचित." तो थोडे थांबला. "तुमचं चुकलं, असं मला वाटतं. खोटं बोललात ते जास्त लागलं. पण दर शनिवारी काही मी त्याचा विचार करत बसत नाही."

मुलाने बापाला एवढे स्पष्ट सांगावे अशी आमच्या घरात चाल नाही. माझ्या वडिलांना मी असे काही सांगितले नव्हते आणि त्यांनी ते ऐकून घेतलेही नसते. मी ऐकून घेतले. तोवर आम्ही गोलमागे पोचलो होतो आणि शिट्टी झाली. दुसऱ्या डावात आमच्या — हो, आमच्याच — गुलाबी संघाला पेनल्टी मिळाली. सगळ्यांनी श्वास रोखला. माझा उजवा हात आपोआप वर गेला आणि दोन बोटे उभी राहिली. का, ते कोणाला सांगणार? चिरंजीवांना मात्र कळले. ते इतके मोठ्याने हसले की पुढच्या माणसाने वळून पाहिले. चेंडू जाळ्यात गेला. एका अनोळखी गृहस्थाने मला मिठी मारली. त्याच्या पेल्यातली बिअर माझ्या कोल्हापुरी घोंगड्याच्या मफलरवर सांडली. त्याचा वास पुढे आठवडाभर घरात होता, आणि त्यावर सौभाग्यवतींनी घेतलेला संशय हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

सामना संपल्यावर अंधार पडला. परतीच्या गाडीत चिरंजीव कोपऱ्यात बसून झोपले. बोटांच्या पेरांना सकाळचा पांढरा रंग तसाच होता. मी त्यांना दोन स्टेशने उशिरा उठवले, त्यामुळे आम्हाला उलट्या गाडीने परत यावे लागले.

घरी नात जागी होती. तिचा रविवारी सकाळी मुलींचा सामना असतो, हेही मला त्या दिवशीच कळले. दारातच तिने विचारले, "आजोबा, किती मैदानं पाहिली?"

"चार," मी म्हणालो.

"साडेतीन," चिरंजीव बूट काढत म्हणाले. "एकावर घरं आहेत."